९ मिलिसेकंदांचा घोळ

शनिवारची दुपार, अडीच वाजलेले, दिवसाची शेवटची एमआरआय केस. रिपोर्ट टाइप होऊन पडला होता, माझी सही तेवढी राहिली होती. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, कमानीतली पल्स वेव्ह व्हेलॉसिटी (नाडीच्या लहरीचा वेग) १४.२ मीटर प्रति सेकंद, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे ५४ वर्षांच्या माणसाची महाधमनी ऐंशीच्या म्हाताऱ्यापेक्षाही कडक. सोमवारी हा कागद वाशीतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या टेबलावर गेला असता. गेला नाही, आणि त्यात माझी हुशारी कमी, योगायोग जास्त. घोळ नेमका कुठे झाला ते मात्र सविस्तर लिहून ठेवायला हवं. असे आकडे आता ठाण्या-नवी मुंबईत हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्येही मिळतात आणि लोक ते वर्षानुवर्षं फाइलला लावून ठेवतात.

रुग्ण कोपरखैरण्याचे. वडील पाटणकडून येऊन माथाडी झाले, हे स्वतः प्लंबर. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, प्लंबर मात्र खरेच. ते का, हे पुढे येईल. ब्लड प्रेशर आठ वर्षांपासून. गोळ्या चालू, पण ‘काम नसेल त्या दिवशी’. दम लागतो म्हणून इको काढला, त्यात हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत १५ मिलिमीटर भरली. हा मोठा अडचणीचा आकडा आहे. प्रेशरमुळे स्नायू जाड झाला असंही म्हणता येतं आणि हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे घराण्यात चालत येणारा स्नायूचा आजार, असाही संशय घ्यावा लागतो. दुसरं निघालं तर मुलांनाही तपासावं लागतं. म्हणून कार्डियाक एमआरआय. फॉर्मच्या तळाशी पेनाने एक ओळ वाढवलेली: ‘एऑर्टिक स्टिफनेस (महाधमनीचा कडकपणा) पण बघा.’

ही ओळ आली ती फाइलमधल्या दुसऱ्या एका कागदामुळे. सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधून केलेली तपासणी. उत्तर १४८० सेंटिमीटर प्रति सेकंद, म्हणजेच १४.८ मीटर, शेजारी लाल बाण. हा कागद लक्षात ठेवा. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त फसवलं ते यानेच.

महाधमनी कडक झाली तर बिघडतं काय? हृदय रक्त झटक्याने फेकतं. निरोगी महाधमनी त्या झटक्याला फुगते, थोडं रक्त पोटात ठेवून घेते आणि हृदय विश्रांती घेत असताना आकसून ते पुढे सोडते. हे काम करणारं इलॅस्टिन नावाचं प्रथिन शरीर बहुतेक लहानपणीच बनवून ठेवतं. पुढे ते झिजतं आणि त्याची जागा न ताणणारं कोलॅजन घेतं. मग वरचं प्रेशर चढतं, खालचं उतरतं, आणि डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोका भिंतीवर डोकं आपटल्यासारखा मारावा लागतो. भिंत जितकी कडक, तितकी नाडीची लहर वेगात पुढे सरकते. लहर ज्या मार्गाने जाते त्याची लांबी मोजायची, तो पार करायला लागलेला वेळ मोजायचा आणि भागाकार करायचा. गणित चौथीतलं.

एमआरआयची इथली मोठी सोय अशी की फुप्फुसाच्या धमनीला फाटा फुटतो त्या पातळीवर एकच आडवा काप घेतला की महाधमनी त्यात दोनदा सापडते, वर चढणारी आणि खाली उतरणारी. फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीने दोन्ही ठिकाणचा प्रवाह एकाच वेळी मोजता येतो. मधल्या कमानीची लांबी छत्रीच्या मुठीसारख्या दिसणाऱ्या तिरप्या चित्रावर मधोमध रेघ ओढून काढायची. शिबिरातल्या यंत्रासारखा उंचीवरून अंदाज करावा लागत नाही. आमच्या रुग्णात ही लांबी १२८ मिलिमीटर भरली. दोनदा ओढली, तीच आली.

तपासणी सुरू व्हायलाच पाऊण तास गेला. ग्राइंडरने जीआय पाइप कापणाऱ्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो आणि चुंबकात तो हलला तर डोळा जातो. टेक्निशियनने विचारलं तेव्हा ‘कधीतरी गेलाय, चोळून काढलाय’ असं उत्तर आलं. आधी डोळ्यांचा एक्स-रे झाला. तो साफ. मग कमरेच्या करदोट्यातली चांदीची पेटी निघेना. ती पत्नीने दाताने गाठ सोडवून काढली. रिसेप्शनवर प्रेशर घेतलं ते या सगळ्या धावपळीत, चहा आणि तंबाखूची चिमूट झाल्यावर: १६८/९६. तो आकडा फॉर्मवर चढला आणि फॉर्मवरून सॉफ्टवेअरमध्ये गेला. पुढचा अर्धा घोळ इथला.

उरलेला अर्धा श्वासाचा. हृदयाच्या चित्रांसाठी ‘श्वास सोडा, थांबा’ असं सांगून पंधरा-सतरा सेकंद थांबवावं लागतं. काका एमआरआयच्या बोगद्यात घाबरले होते. बारा सेकंदांनंतर छाती हलायची, चित्र फिसकटायचं. टेक्निशियन मुलगी कामाला चांगली, माणूसही चांगली. एमआरआयचं चित्र रेषेरेषेने भरत जातं. फेज कॉन्ट्रास्टच्या वेळी तिने एका ठोक्यात ओढायच्या रेषा वाढवल्या. त्याने श्वास रोखायचा वेळ कमी होतो. रोज हृदयाच्या झडपांचा प्रवाह मोजताना आम्ही सगळे हेच करतो आणि तिथे ते चालून जातं. इथे मात्र फुकटात काही मिळत नाही. एका ठोक्यात रेषा वाढल्या की एका फ्रेमला, म्हणजे ठोक्याच्या एका फोटोला, लागणारा वेळही वाढतो. काकांचे ठोके मिनिटाला ७६, म्हणजे एक ठोका ७९० मिलिसेकंदांचा. त्याच्या २५ फ्रेम. एक फ्रेम जवळपास ३२ मिलिसेकंदांची.

या ३२ आकड्याकडे मी पाहिलंच नाही. हृदयाच्या भिंतीत गुंतले होते. भिंत एमआरआयवर १४ मिलिमीटर भरली, सगळीकडून सारखी जाड. गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं औषध दिल्यावर कुठे व्रणाची चमक नाही, स्नायूचा पोत सांगणारा टी-वन आकडा नेहमीचा. घराण्यातल्या आजारापेक्षा प्रेशरचं हृदय वाटावं असंच सगळं. कडक महाधमनीने गोष्ट पुरी होत होती. सॉफ्टवेअरने वेळ दिला ९ मिलिसेकंद. १२८ भागिले ९, उत्तर १४.२. शिबिराच्या कागदावर १४.८. दोन वेगळ्या यंत्रांनी एकच सांगितलं म्हटल्यावर आणखी काय हवं?

सही थांबली ती एका फालतू कारणाने. आमच्या रिपोर्टच्या साच्यात वेगाखाली ‘डिस्टेन्सिबिलिटी’चा रकाना आहे, म्हणजे एक मिलिमीटर पारा दाब वाढला तर महाधमनीचं तोंड किती टक्के फुगतं. तो रिकामा ठेवला की साचा पुढे जाऊ देत नाही. एरवी मी कंटाळून शून्य टाकून मोकळी होते. त्या दिवशी सिने चित्रं, म्हणजे ठोक्याबरोबर हलणारी, समोरच उघडी होती म्हणून मोजून टाकलं. चढत्या महाधमनीचं क्षेत्रफळ सर्वांत कमी असताना ७८२ चौरस मिलिमीटर, सर्वांत जास्त ८६०. दहा टक्के वाढ.

दहा टक्के? १४ मीटरने लहर पळवणारी महाधमनी दहा टक्के फुगत नाही.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. ब्रॅमवेल आणि हिल या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये मांडलेलं सूत्र आहे: वेगाचा वर्ग म्हणजे एक भागिले (रक्ताची घनता गुणिले फुगण्याची क्षमता). एक हातात आलं की दुसरं ठरतं. घनता १०६० किलो प्रति घनमीटर धरून मी पॅडवर उलटं गणित केलं. वेग १४.२ असेल तर दर मिलिमीटर पाऱ्यामागे महाधमनी ०.०६ टक्के फुगायला हवी. वरच्या-खालच्या प्रेशरमधला फरक फॉर्मप्रमाणे ७२ धरला तरी एकूण वाढ साडेचार टक्के. चित्रात दिसत होते दहा. क्षेत्रफळात माझी चूक होईलही, पण दुपटीहून जास्त? कर्सर पुन्हा फिरवला. तेच.

मग प्रेशरकडे वळले. बोगद्यात दंडाला पट्टा होताच. मॉनिटरच्या नोंदीत चित्रं घेतेवेळचं प्रेशर १४८/८६ होतं. फरक ६२. रिसेप्शनवरचा ७२ कुठल्या तरी दुसऱ्याच क्षणाचा. ६२ धरून फुगण्याची क्षमता ०.१६ टक्के आली आणि तिच्यावरून अपेक्षित वेग ८.८ मीटर. शिवाय दंडावरचं प्रेशर आणि महाधमनीतलं प्रेशर यांत अंतर असतं, विशेषतः तरुणांत. दंडावर फरक मोठा दिसतो. तेव्हा ८.८ हाही अंदाजच, पण १४ च्या आसपाससुद्धा फिरकत नाही.

शेवटी प्रवाहाचे दोन आलेख उघडले, जे सर्वांत आधी उघडायला हवे होते. लहर कधी पोचली हे ठरवताना आलेखाचा चढ जिथे सुरू होतो तो पायथा पकडतात. चढावर सरळ रेघ टेकवायची आणि ती तळरेषेला छेदते तो क्षण घ्यायचा. प्रवाह तळापासून शिखरापर्यंत चढायला साधारण शंभर मिलिसेकंद. फ्रेम ३२ ची. अख्ख्या चढावर बिंदू किती? तीन. उतरत्या महाधमनीच्या आलेखात तर मधला बिंदू जरा वर उडालेला, बहुधा काकांनी तिथेच श्वास घेतला असावा. त्या एका बिंदूने रेघ वर उचलली आणि पायथा डावीकडे ढकलला. गंमत म्हणून तो बिंदू वगळला: वेळ ९ वरून १९ मिलिसेकंद, वेग १४.२ वरून ६.७. तोच माणूस, तीच चित्रं. एक ठिपका ठेवला तर ऐंशी वर्षांची महाधमनी, काढला तर चाळिशीतली.

सॉफ्टवेअर या ३२ च्या मधल्या जागा गुळगुळीत रेघेने भरतं आणि दशांशापर्यंत उत्तर देतं. म्हणून तर फसायला होतं. मोजायचा काळच फ्रेमच्या निम्मा, आणि उत्तर मात्र ऐटीत.

शिबिराच्या आकड्याशी जुळलं त्याचं काय? काही नाही, जुळण्यासारखं मुळात काही नव्हतंच. दंड ते घोटा या मोजमापात महाधमनीबरोबर पायांच्या धमन्या येतात. त्या स्नायूच्या, जात्याच कडक, तिथे लहर कितीतरी वेगाने धावते. म्हणून त्या पद्धतीचे आकडे नेहमीच मोठे. तिथे १४०० सेंटिमीटरपुढे लक्ष ठेवा आणि १८०० पुढे धोका, अशी वाटणी वापरतात. चोपन्न वर्षांच्या, प्रेशर असलेल्या माणसात १४८० पाहून कुणी दचकू नये. मान ते जांघ अशी तिसरी पद्धत आहे, तिची प्रचलित मर्यादा १० मीटर प्रति सेकंद. आणि एमआरआय मोजतं ती नुसती कमान, म्हणजे सगळ्यांत लवचीक तुकडा. तिथे तरुणांत ४ च्या आसपास आणि म्हातारपणी त्याच्या दुपटीच्या पुढे. ठाण्याहून वाशीला लागलेला वेळ आणि ठाण्याहून पनवेलला लागलेला वेळ मिनिटाला मिनिट जुळला तर कुणी खूश होत नाही, घड्याळ बघतो. मी खूश झाले होते.

सोमवारी तज्ज्ञांना फोन केला, हृदयाचं उत्तर सांगितलं आणि महाधमनीसाठी पुन्हा बोलावते म्हणाले. काकांना पैसे लावले नाहीत. ते गुरुवारी आले, या वेळी तीन तास चहा-तंबाखू बंद ठेवून, म्हणजे पत्नीने ठेवायला लावून. आधी दहा मिनिटं शांत झोपवलं.

‘चूक माझी होती का, मॅडम? श्वास सुटला ना माझा,’ त्यांनी विचारलं.

‘चूक आमची, काका. आज श्वास रोखायचाच नाही. आरामात घ्या.’

कशासाठी एवढा खटाटोप, हे त्यांना समजावताना मी लहर, वेग वगैरे बोलत होते. ते मध्येच म्हणाले, ‘म्हंजे ठोक्याचं सांगताय. चावी एकदम बंद केली की पाइप ठोका मारतो. जीआय असला तर लई मारतो, वरच्या मजल्यावर भांडी वाजत्यात. रबरी नळी असली तर नुसती हलती.’ मला यात भर घालायला फार थोडं होतं. मॉस्कोच्या नळांमध्ये असे ठोके मोजून झुकोव्स्की या रशियन संशोधकाने १८९८ मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि नळीची भिंत जितकी ताठ तितकी लहर जलद, हे कोर्टेवेग यांनी त्याच्याही आधी, १८७८ मध्ये. लोखंडी पाइपात ही लहर सेकंदाला हजार मीटरच्या पुढे जाते, महाधमनीत चार ते दहा. काकांना हजारचा आकडा पटला. ‘म्हणून तर कळायच्या आत सॉकेट फुटतंय,’ म्हणाले.

या वेळचं मोजमाप असं. एका ठोक्यात एकच रेघ, फ्रेम १० मिलिसेकंदांची. ठोके ७२. एकूण रेषा १२८, सरासरीसाठी दोनदा, म्हणजे २५६ ठोके. साडेतीन मिनिटं, मोकळ्या श्वासात. श्वासाने चित्र किंचित पुसट होतं, पण प्रवाहाच्या आलेखाला ते सोसतं. प्रेशर त्याच वेळी बोगद्यात घेतलं: १४४/८४. ते मागच्या वेळच्या जवळ आहे ना, हे बघणं भाग होतं, कारण प्रेशर चढलं की तीच धमनी ताणून कडक वागते आणि वेग वाढतो.

चढावर या वेळी दहा-अकरा बिंदू. कुठलाही एक वगळला तरी पायथा एक मिलिसेकंदाहून जास्त सरकेना. वेळ १६ मिलिसेकंद, वेग ८.०. लगेच दुसऱ्यांदा घेतलं: १५, म्हणजे ८.५. क्षेत्रफळ ७८० वरून ८५६. फरक ६० धरून अपेक्षित वेग पुन्हा ८.८. दोन वाटांनी एकाच गावाला आलो. एक मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तरी अर्धा मीटर हलतो, हेही त्यातच दिसतं. म्हणून रिपोर्टमध्ये मी ८.२५ लिहिलं नाही. लिहिलं ते असं: ‘महाधमनीच्या कमानीत वेग सुमारे ८ ते ८.५ मीटर प्रति सेकंद, फुगण्याची क्षमता कमी. वयाच्या मानाने मध्यम कडकपणा. तपासणीवेळचं प्रेशर १४४/८४. दंड-घोटा पद्धतीच्या आकड्याशी थेट तुलना करू नये.’

तर महाधमनी कडक आहेच. १४ च्या जागी ८ आला म्हणून काका सुटले नाहीत. फरक पुढच्या निर्णयात पडला. १४.२ वाचून तज्ज्ञ धमनीच्या वेगळ्या आजाराच्या, किडनीच्या वाटेला लागले असते, ते स्वतःच फोनवर तसं म्हणाले. ८ वाचून त्यांनी २४ तासांचा प्रेशर मॉनिटर लावला. त्यात रात्रीचं प्रेशर उतरतच नाही असं निघालं, आणि गोळ्या रोज घेण्याच्या बोलीवर बदलल्या. मुलांच्या तपासण्या टळल्या. तंबाखूचं बोलणं झालं. सुटली असं मी लिहिणार नाही.

आमच्याकडे दोन बदल झाले. टेक्निशियनने कन्सोलवर मार्करने चिठ्ठी चिकटवली: ‘स्टिफनेस असेल तर १० च्या आत, श्वास रोखू नका.’ आणि फॉर्मवरचा प्रेशरचा रकाना सॉफ्टवेअरपासून तोडला. आता आकडा मॉनिटरवरूनच हाताने टाकावा लागतो. डिस्टेन्सिबिलिटीचा रकाना अजून तसाच अडवून बसतो. तो काढू नका म्हणून मीच सांगितलंय.

जाताना काकांनी फाइल उघडून शिबिराचा लाल बाणाचा कागद पुढे केला. ‘हा मग फाडू का?’

‘नका फाडू. पुढच्या वर्षी त्याच यंत्रावर पुन्हा करा, आणि याच कागदाशी ताडून बघा. आमच्या कागदाशी नको.’

त्यांनी तो घडी घालून आमच्या रिपोर्टपासून वेगळ्या कप्प्यात सरकवला.